पाच नंबरचा मयत

१

सकाळी सात म्हणजे सात. एक वेळ घड्याळ मागे पडेल, पण छत्रीकाकू मागे पडायच्या नाहीत. दारात चपला काढायच्या, रबरी सपाता घालायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग कोपरानंच दार ढकलून आत शिरायचं. खोली बेताचीच. मधोमध लांब टेबल, त्यावर जांभळ्या उजेडाचा दिवा, भिंतीशी काचेचं कपाट आणि कपाटात ओळीनं बत्तीस बरण्या. खिडकी कित्येक वर्षांत उघडलेली नाही. खोलीभर ओल्या पोत्यांचा वास. नव्या माणसाला तो वास नको नको व्हायचा. काकूंना मात्र माहेरी आल्यासारखं वाटायचं.

संस्थेत लहानथोर सगळे त्यांना छत्रीकाकूच म्हणत. एके काळी त्यांची स्वतःची भूछत्रांची शेड होती. नवराबायकोनं मिळून अकरा वर्षं ती चालवली. बाराव्या वर्षी शेडमध्ये हिरवी बुरशी शिरली आणि त्याच हंगामात नवराही गेला. सगळं गेलं, पण एक वाण तेवढं काकूंनी बरणीत घालून जपलं. ते बघून डॉक्टर वेडी झाली. ही डॉक्टर म्हणजे औषधं देणारी नव्हे. बुरशीचा मोठा अभ्यास केलेली, पस्तिशीची, चष्मा डोक्यावर ठेवून खोलीभर चष्मा शोधणारी पोरगी. तिनं वाण घेतलं आणि वाणाबरोबर काकूंनाही कामाला लावून घेतलं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

दोघींनी मिळून जे घडवलं होतं, त्याला ‘खेकडे’ म्हणत. तळहाताएवढं यंत्र. पाच रबरी पाय, पोटात सेल आणि मोटर, पाठीवर काचेची डबी. डबीत काकूंच्या वाणाची पांढरी, मऊ गादी. जिवंत बुरशीत विजेच्या बारीक लहरी उठतात. केसांसारख्या तारा त्या टिपायच्या आणि मोटरला पोचवायच्या. म्हणजे डोकं बुरशीचं, पाय विजेचे. बुरशीला वाटलं तर खेकडा चालणार, नाही वाटलं तर बसून राहणार. संध्याकाळी प्रत्येकाला आपापल्या काचेच्या पाटीवर ठेवून पायांभोवती पेन्सिलीनं गोल काढायचा आणि सकाळी तो गोलापासून किती सरकला ते मोजून वहीत लिहायचं. काकूंचं पहिलं काम हेच.

खेकडे पाच होते, पण चालणारे चार. पाचवा मयत. यंत्र तेच, सेल तोच, डबीतली गादी मात्र आधी मोठ्या कुकरात घालून, वाफेच्या दाबाखाली शिजवून मारलेली. शेजारी एक मेलेला ठेवल्याशिवाय जिवंतांचं जिवंतपण सिद्ध होत नाही, असं डॉक्टर म्हणायची. मयत चालला नाही, म्हणजे बाकीचे तारांच्या लुडबुडीनं नव्हे, बुरशीच्या मर्जीनं चालतात. न चालणं एवढीच त्याची नोकरी, आणि ती तो इमानेइतबारे करत होता. वहीत त्याच्या रकान्यात दोनशे तेरा दिवस ओळीनं शून्य होतं.

ही गोष्ट काकूंच्या जिंकण्याची आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण मधे मधे तसं वाटणार नाही. त्या मंगळवारी काकूंनी एकाचं माप घेतलं, दोनाचं घेतलं, तिनाचं, चाराचं. पाचाच्या ठिकाणी हात सवयीनं शून्य लिहून मोकळा झाला. मग त्यांनी खाली पाहिलं. मयत गोलाच्या बाहेर होता. बोटभर.

२

काकू शहाण्या होत्या. शहाणं माणूस आधी मोलकरणीवर संशय घेतं. पण झाडणारी बाई या खोलीत येतच नसे. खोलीची किल्ली दोघींकडेच. मग त्यांनी टेबल कललंय का ते पाहिलं. पाटीवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब टाकला तिथंच बसून राहिला. मग वाटलं, काल आपलाच गोल चुकला असेल. वय झालं, चष्म्याचा नंबर बदललाय, होतं असं. त्यांनी मयताला गोलात परत ठेवलं आणि वहीतलं शून्य तसंच राहू दिलं.

बुधवारी तो दोन बोटं सरकला होता.

घरी काकू आणि त्यांची नणंद अशा दोघीच. नणंद थोरली, पायानं अधू, पण तोंडानं अजिबात नाही. भाजी निवडता निवडता काकूंनी सगळं सांगितलं.

“म्हणजे मेलेलं चालायला लागलं म्हणता?” नणंद म्हणाली. “बरंय की. आमच्या खात्यात मी तीस वर्षं जिवंत माणसं पाहिली, ती हलायची नाहीत.”

“वन्सं, थट्टा नाही. सोमवारी समिती येतेय तपासायला. साहेबांचं पत्र आलंय. नोंदींत कुठं संशय निघाला, तर खोली रिकामी. आणि रिकामी म्हणजे सगळं कुकरात. बत्तीसच्या बत्तीस बरण्या.”

नणंदेचा हात थांबला. त्या बरण्या म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. तिच्या भावाच्या हातचं जगात जे काही उरलं होतं, ते त्या बरण्यांत होतं.

“एक बरणी पिशवीत टाकून आणा मग.”

“फाटकावर पिशव्या उघडून बघतात. आणि मी सही करून दिलंय वाण. आपलंच म्हणून चोरायचं का?”

“मग सांगून टाका.”

“काय सांगू? मेलेला चालतो म्हणून? मग जिवंत चालतात त्याला काय किंमत? म्हणतील, तारांचीच करणी आहे, बुरशीचं नुसतं नाव. नऊ वर्षं पाण्यात. पोरीचं नाव जाईल आणि वाण शिजेल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

नणंदेनं भाजीचं ताट बाजूला सारलं.

“मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात,” ती म्हणाली. “तुमचा तो मयत कशाला भीत नाहीये, ते बघा आधी.”

३

गुरुवारी काकूंनी तारांची खोड मोडायची ठरवली. करणी तारांची असेल तर तिला वीज लागणार. डॉक्टर जेवायला गेल्याचं पाहून त्यांनी मयताच्या पोटाचं झाकण उघडलं, सेल काढला, एप्रनच्या खिशात टाकला आणि संध्याकाळी तो सरळ घरी नेला. रात्री एप्रन उशाशी होता. उगाच नाही, माणसाला स्वतःचाही भरवसा वाटेनासा झाला की असं करावं लागतं.

शुक्रवारी दार ढकलताना पहिल्यांदा त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं नाही.

मयत चार बोटं सरकला होता. काकूंनी खिसा चाचपला. सेल खिशात होता, गार आणि गोल. मोटर बंद, वीज नाही, पोट रिकामं. तरी पाटीवर त्याच्या पायांच्या बारीक ओल्या खुणा उमटल्या होत्या, एकामागे एक. कुणी ढकलला असता तर एक सलग रेघ उठली असती. ही पावलं होती.

त्यांनी स्टूल ओढलं आणि टेबलाशी बसून राहिल्या. जिवंत चौघांचा आवाज त्यांना पाठ होता. मोटरची बारीक गुरगुर, मग रबराचा टप्, मग गुरगुर. आज चौघंही गप्प होते. काकूंनी कान मयताच्या पाटीला लावला. आधी नुसतं स्वतःच्याच कानातलं रक्त ऐकू आलं. मग त्यामागून काहीतरी. सुकलेलं पान मुठीत हळूच चुरावं तसं. थांबलं. पुन्हा झालं.

कान काढला तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती आधी कशी दिसली नाही याचं नवल वाटलं. जिवंत खेकडे दिव्याला बिचकायचे आणि वाट फुटेल तिकडे जायचे. एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. शाळा सुटल्यासारखा कारभार. मयत मात्र रोज एकाच दिशेनं सरकला होता. उजवीकडे, भिंतीकडे. त्या भिंतीपलीकडे कुकरची खोली होती.

काकूंनी हळूच मान वळवून चौघांकडे पाहिलं. चौघांचीही तोंडं भिंतीकडे होती.

भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, आणि ते ओळखायला काकूंना थोडा वेळ लागला. हिरव्या बुरशीच्या त्या हंगामात शेडच्या दारात उभं राहून जे अंगातून निघून गेलं होतं, ते परत येत होतं. त्यांना हसू येऊ घातलं होतं.

४

“किती दिवस?” डॉक्टरनं विचारलं. शनिवारची सकाळ. तिच्या चहावर साय धरली होती.

“मंगळवारपासून.”

“आणि वहीत शून्य लिहिलंत? पाचही दिवस?”

“पहिल्या दिवशी हातानं लिहिलं. दोनशे तेरा दिवसांची सवय ती. नंतरचे चार मी लिहिले, भिऊन.”

डॉक्टरनं वही मिटली. ती रागावेल असं काकूंना वाटलं होतं. ती रागावली नाही. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

“काकू, ऐका. सोमवार जाऊ द्या. शून्य आहे तर शून्य राहू दे. एकदा समिती गेली की आपण शांतपणे शोधू काय ते.”

“पोरी, आधी लिहिलं ते सवयीनं आणि भीतीनं. आता ठेवलं, तर ते ठरवून होईल.”

“खरं सांगितलं तर बरण्या जातील. कळतंय का तुम्हाला?”

“मला कळायचं नाही तर कुणाला?” काकूंचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “त्या बरण्यांतलं मला तुझ्यापेक्षा दोन वर्षं आधीपासून ठाऊक आहे. तुला एक सांगितलं नव्हतं. वाण आणलं कुठून, ते.”

“शेडमधून.”

“शेडमधूनच. पण कधी? शेड बंद करायची म्हणून आम्ही सगळ्या पिशव्यांना वाफ दिली. हिरवी, पांढरी, चांगली, वाईट, सगळी मारून टाकली. यांचा तो शेवटचा दिवस कामाचा. दोन वेळा वाफ दिली त्यांनी, स्वतःच्या हातानं, डोळे पुसत. चार दिवसांनी हे गेले. तेरा दिवसांनी मी किल्ली परत द्यायला म्हणून गेले, तर मधल्या फळीवर एक पिशवी पांढरीशुभ्र फुललेली. मला वाटलं, तिला वाफ पोचली नसेल.”

डॉक्टरनं मिटलेली वही दूर सारली.

“अजून तसंच वाटतं?”

“वाटायला हवं म्हणून वाटतं,” काकू म्हणाल्या.

५

दुपारी दोघींनी मयताची डबी उघडली. गादी बाहेरून वाळकी, पिवळट, मेलेल्या बुरशीसारखीच. ती चिमट्यानं काढून स्टीलच्या डब्यात घातली आणि कुकरच्या खोलीत गेल्या.

तो कुकर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. कपाटाएवढा, लोखंडी, चाकासारख्या कडीनं बंद होणारा. तो सांभाळणाऱ्याला सगळे कुकरमास्तर म्हणत. पन्नाशीचा, नेमस्त गृहस्थ. सांगितलेलं काम सांगितल्या मिनिटाला करायचं आणि का म्हणून विचारायचं नाही, हा त्याचा बाणा. संस्थेतली सगळी मारायची बुरशी इतकी वर्षं त्याच्याच हातून गेली होती.

“दुप्पट वेळ,” डॉक्टर म्हणाली.

“एवढुशा वडीला?”

“दुप्पट.”

दोघी उभ्या राहिल्या. वाफ भरली, काटा चढला, पाइप कण्हू लागला. अर्ध्या वेळानंतर आतून डबा वाजला. पाण्यात उकडायला घातलेले बटाटे भांड्याला लागतात तसा. डॉक्टरनं काकूंच्या मनगटाला धरलं.

“वाफेचा आवाज,” ती म्हणाली.

“हो,” काकू म्हणाल्या. दोघींनाही ठाऊक होतं की डबा कोरडा होता आणि वाफ त्याला कधी हलवत नाही.

गादी परत डबीत घातली, मयत पाटीवर ठेवला. सेल घातलाच नाही. रविवारी खोलीला कुलूप होतं. काकूंनी घरी दोन वेळा भात करपवला आणि नणंदेनं दोन्ही वेळा तो मुकाट्यानं खाल्ला.

६

समिती तिघांची होती, पण बोलायचे एकटे थोरले साहेब. वाळलेले, ताठ, प्रत्येक वाक्य शिक्का मारल्यासारखं. अशा खोल्या त्यांनी आजवर पुष्कळ तपासल्या होत्या आणि बहुतेक बंदही केल्या होत्या. त्यांनी वही उघडायच्या आत काकू पुढं झाल्या.

“साहेब, शेवटची पाच शून्यं खोटी आहेत. मी लिहिली. मयत चालतो.”

डॉक्टरनं डोळे मिटून घेतले, आणि मग, काकूंना वाटलं नव्हतं असं, ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“मलाही शनिवारपासून माहीत आहे,” ती म्हणाली.

साहेबांनी वही न वाचताच बाजूला ठेवली. “मग प्रश्नच मिटला. नियम तुम्हाला ठाऊक आहे. सगळं कुकरात.” दारात कुकरमास्तर गाडा घेऊन उभाच होता. हुकूम ऐकला आणि तो कामाला लागला. कपाट उघडलं. एकेक बरणी गाड्यावर चढू लागली, काचेला काच लागून किणकिणू लागली.

“साहेब, एक तास द्या,” काकू म्हणाल्या. “बघा तरी. पोटात सेलही नाही त्याच्या.”

“बाई, मेलेलं चालत नसतं.”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला? समोर आहे, बघा. नाही चालला तर मी स्वतः त्याला कुकरात ठेवीन.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “एक तास. खेकड्याला. बरण्यांना नाही.”

गाडा निघाला. चाकं कुरकुरत दाराबाहेर गेली, पुढच्या दारात शिरली. काकूंचे पाय गाड्यामागे धावायला निघाले होते. त्यांनी ते जमिनीवर दाबून धरले. धावल्या असत्या तर इथं मयताकडे बघायला साहेबांना कुणी बसवून ठेवलं नसतं. अकरा वर्षं आणि नऊ वर्षं भिंतीपलीकडे गेली आणि कडी फिरल्याचा आवाज आला.

सगळे खुर्च्यांवर बसले. दहा मिनिटं. वीस. भिंतीतून पाइपाचं कण्हणं येत होतं. समितीतल्या एकाला जांभई आली. मयत होता तिथंच होता, वाळका, पिवळट, मुकाट. चाळीस मिनिटं. डॉक्टरच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. काकूंना वाटलं, आपण मूर्ख. म्हातारपणी एका वाळक्या वडीवर सगळं लावलं. पन्नास मिनिटं. काकू मनातल्या मनात त्याला शिव्या देऊ लागल्या, अगदी शेलक्या, शेडमध्ये पाण्याचा पंप अडला की द्यायच्या तशा.

भिंतीपलीकडे शिजणं संपल्याची घंटा वाजली.

आणि मयतानं पाय उचलला.

एक. मग दुसरा. घाई नाही, अडखळणं नाही. मोटरचा आवाज नाही. नुसता तो पान चुरल्यासारखा. साहेब पुढं वाकले. त्यांनी खेकडा दोन बोटांत उचलला, उलटा केला, पोट उघडलं. रिकामं. पायांच्या रबरातून एक बारीक पांढरी शीर पायाच्या टोकापर्यंत गेली होती, आणि साहेबांच्या देखत ती आखडली आणि सैल झाली. त्यांनी तो पटकन खाली ठेवला, उलट्या दिशेला तोंड करून. मयत जागच्या जागी वळला आणि पुन्हा भिंतीकडे चालू लागला.

“दार उघडा,” काकू म्हणाल्या. “त्याला खाली सोडा. बघू कुठं जातो.”

आता हुकूम कोण सोडतंय, याचं कुणाला भान नव्हतं. समितीतल्या जांभई देणाऱ्यानं दार उघडून धरलं.

७

खेकड्याच्या मागून पाच माणसं बोळातून चालली, एखाद्या मोठ्या माणसाच्या मागं चालावं तशी, त्याला ओलांडून न जाता. मागं खोलीत टप् टप् आवाज झाला. चौघा जिवंतांनी टेबलावरून खाली उड्या टाकल्या होत्या. मागं वळून बघायला कुणी थांबलं नाही.

कुकरमास्तर कडीला हात लावून उभा होता, पण कडी फिरवत नव्हता. काटा हळूहळू उतरत होता.

“साहेब,” तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. “आत वाजतंय.”

सगळ्यांना ऐकू येत होतं. शनिवारी एक डबा वाजला होता. आज बत्तीस बरण्या वाजत होत्या. आधी कशाही, मग हळूहळू एका ठेक्यात. लोखंडी दाराच्या आतल्या बाजूला काहीतरी मऊ टेकलं आणि सरकत खालपासून वर गेलं. मयत कुकरच्या पायाशी पोचला होता आणि पुढचा पाय दारावर ठेवून थांबला होता.

“पूर्ण दाब दिला होता?” साहेबांनी विचारलं.

“पूर्ण. माझ्या हातून आजवर काही जिवंत निघालेलं नाही, साहेब.”

“उघडू नका,” साहेब म्हणाले.

काटा शून्यावर आला. काकूंनी कुकरमास्तराचा हात कडीवरून अलगद बाजूला केला. त्याला ते हवंच होतं. कडी गरम होती. त्यांनी एप्रनचा सोगा धरला आणि दोन्ही हातांनी ती फिरवली. डॉक्टर मागून आली आणि तिनंही जोर लावला.

“मी सांगतोय, उघडू नका!”

दार सुटलं. वाफेचा लोट बाहेर आला आणि क्षणभर कुणाला कुणी दिसेना. वास आला, ओल्या पोत्यांचा, पण इतका ताजा, इतका दाट, की काकू अकरा वर्षांच्या शेडमध्ये उभ्या होत्या आणि पंपाचा आवाज येत होता. मग वाफ विरली. बरण्यांची झाकणं वर उचललेली होती. बत्तीसच्या बत्तीस. प्रत्येकीतून पांढरंशुभ्र काहीतरी उतू आलं होतं, खालच्या फळीवरून वरच्या फळीवर चढलं होतं, आणि सगळ्या बरण्या मिळून आता ते एकच होतं. आतल्या अंधारात, जिथं कुकरमास्तरानं काहीच ठेवलं नव्हतं, तिथंही ते होतं. किती खोलवर, ते कुणी नीट पाहिलं नाही. पाहिलं असेल तर पुढं कुणी सांगितलं नाही.

डॉक्टर हसत होती, रडत होती, काकूंच्या गळ्यात पडत होती. “जिवंत आहे, काकू! सगळं जिवंत आहे!” कुकरमास्तर भिंतीला टेकून खाली बसला. समितीतले दोघं टाळ्या वाजवू लागले. का वाजवतोय हे त्यांनाही सांगता आलं नसतं. काकूंना वाटलं, हे आत्ता असते तर. डोळे पुसत ज्यांनी दोन वेळा वाफ दिली, त्यांनी हे पाहायला हवं होतं. छाती इतकी भरून आली की त्यांना श्वास पुरेना.

थोरले साहेब तेवढे दारात उभे होते. त्यांचा ताठा कुठं गेला कुणास ठाऊक. त्यांनी फार हळू विचारलं, जणू आतल्याला ऐकू जाऊ नये, “आता ह्याला मारायचं कशानं?”

“मारायचं?” काकू म्हणाल्या, आणि मोठ्यानं हसल्या. नऊ वर्षांत त्या खोल्यांनी त्यांचं असं हसू ऐकलं नव्हतं. “ते आता आपल्या हातात राहिलं नाही, साहेब.”

त्यांनी आत हात घातला. डॉक्टर ओरडली, पण काकूंना भाजलं नाही. पांढऱ्या गादीतून एक कोवळी, ओलसर फांदी पुढं आली, काकूंच्या करंगळीभोवती एक वेढा घालून थांबली, आणि तिनं ती घट्ट धरली. काकूंनी हात काढून घेतला नाही.